सगळ्या जातींचे डॉक्टर

माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे पाहतो. सर आधी पायांकडे पाहायचे. मग चाल, मग केस, आणि सगळ्यात शेवटी डोळे. बोईसरच्या शाळेत मला गणिताच्या मास्तरची नोकरी लागली आणि भाड्याची खोली शोधत मी सरावलीला त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही.

"जरा त्या विहिरीपर्यंत जाऊन या," म्हणाले.

मला वाटलं, पाणी शेंदायला सांगतायत. मी जाऊन आलो.

"पुन्हा जा. सावकाश."

पुन्हा जाऊन आलो.

"उजवा मागचा पाय किंचित उचलून टाकता तुम्ही."

"सर, माणसाला मागचा पाय नसतो."

"नसतो कसा? पुढच्यांना तुम्ही हात म्हणता, एवढंच."

खोली मिळाली. आठवड्याभरात माझ्या त्या मागच्या पायाच्या टाचेत मोडलेला बाभळीचा काटाही त्यांनी काढून दिला. तो केव्हापासून तिथं होता, हे मला माहीत नव्हतं.

मुंबईच्या पशुवैद्यक कॉलेजात आयुष्यभर शिकवून सर निवृत्त झाले होते आणि वडिलोपार्जित वाडीत एकटेच येऊन राहिले होते. उंच, थोडे वाकलेले, खाकी अर्धी चड्डी आणि वर मात्र कॉलेजातला जुना काळा कोट. निवृत्त झालो आहोत, ही गोष्ट त्यांनी मनावर घेतली नव्हती. समोर कोणीही असो, दूधवाला, पोस्टमन, नाहीतर मी, त्यांचं लेक्चर सुरू व्हायचं. पोस्टमनला त्यांनी रवंथ कसा होतो ते दोन हप्त्यांत शिकवलं. पहिल्या हप्त्यानंतर तो आठवडाभर आमची पत्रं शेजारी टाकून जात होता.

गावात त्यांना "ढोरडॉक्टर" म्हणत. समोर नाही, पण त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. स्टेशनजवळ माणसांचे एक डॉक्टर होते, त्यांचा मोठा मान. कुठल्याही कार्यक्रमात ते सरांची ओळख करून देत, "हेही डॉक्टर आहेत, म्हणजे, आपले, तसे." एकदा सत्यनारायणाच्या प्रसादाला सगळे जमले असताना ते असंच काहीतरी म्हणाले, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. हे एका जातीचे डॉक्टर. आम्ही सगळ्या जातींचे."

प्रसाद घेता घेता दोघाचौघांचे हात थांबले. जात या शब्दाला आमच्याकडे जनावरांपेक्षा माणसांत जास्त वजन होतं. सरांना त्याचा पत्ता नव्हता. ते आपले गाय, घोडा, शेळी, कोंबडी असं बोटांवर मोजून दाखवत होते.

कोणी बैल घेऊन आलं की सर आधी मालकाला फाटकाबाहेर काढत. "जनावर बोलत नाही म्हणून बरं," मला म्हणत. "माणसाला कुठं दुखतं विचारलं, तर तो जावयाचं सांगत बसतो." मग बैलासमोर स्टूल टाकून नुसते बसून राहत. हात लावत नसत. फाटकाबाहेर मालक घाबरा व्हायचा, की डॉक्टर आहे का साधू. बराच वेळ गेल्यावर सर उठायचे ते थेट दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचे. कॉलेजात पहिल्या दिवशी पोरांना ते हेच करायला लावत म्हणे. गाय समोर बांधायची आणि फक्त पाहायचं. "अर्धी पोरं संध्याकाळपर्यंत घरी पळून जायची. उरलेल्यांचे डॉक्टर व्हायचे."

पण या माणसाच्या डोक्यात एकच किडा होता. बोईसर-पालघरच्या बाजूला पशुवैद्यक कॉलेज व्हायला हवं. "दवाखाना आजच्या बैलाला बरं करील," ते म्हणायचे. "कॉलेज असलं तर पुढच्या पन्नास वर्षांच्या बैलांना कोणीतरी असेल. पेरणीच्या तोंडावर एक बैल मेला की डोंगरातलं एक घर वीटभट्टीवर जातं. त्या घराला औषध कुठल्या डॉक्टरकडे आहे?" हे सगळं ते मला सांगत, आणि मी वह्या तपासत असे.

त्याच सुमारास तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं. रस्त्यानं जीपगाड्या धावू लागल्या, हिंदी बोलणारे मजूर आले, परदेशी साहेब आले, आणि आमच्या गावाला एकदम वाटायला लागलं, की आता आपल्याकडे काहीही येऊ शकतं. अणू येतो, तर कॉलेज का नाही? सरांचं म्हणणं वर्षानुवर्षं कोणी ऐकलं नव्हतं, ते एका संध्याकाळी अण्णाशेठनी ऐकलं.

अण्णाशेठ गवताचे व्यापारी. स्टेशनच्या कडेला त्यांच्या गवताच्या गंजी डोंगरासारख्या उभ्या असत. आमच्याकडचं गवत गाठी बांधून रेल्वेनं मुंबईच्या तबेल्यांना जायचं, आणि आमच्याकडची गुरं उन्हाळ्यात कागद खायची. त्यामुळे गुरांच्या कल्याणाच्या कमिटीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे जाणं सगळ्यांनाच योग्य वाटलं. कुंभवलीच्या वाटेवरची आपली एक पडीक जागाही त्यांनी देऊ केली. तिथं गवतही उगवत नव्हतं.

पहिली बैठक वखारीत, गवताच्या गाठींवर बसून झाली. अक्षर चांगलं म्हणून मला चिटणीस केलं. एकानं विचारलं, कॉलेजात गुरं शिकणार का गुरांचे डॉक्टर? दुसऱ्यानं विचारलं, इथून पास झालेल्याला माणसांना सुई देता येईल का, कारण तसं असेल तर आमचा धाकटा आहे. मग कॉलेजला कोणाच्या वडिलांचं नाव द्यायचं यावर रात्र झाली. सरांनी एकच मुद्दा मांडला, की आधी शिकवायला चार माणसं आणि बघायला चाळीस जनावरं हवीत, इमारत मागून आली तरी चालेल.

"सर," अण्णाशेठ मायेनं म्हणाले, "इमारत नसली तर फोटो कशासमोर काढायचा?"

कोनशिलेला मुहूर्त वसुबारसेचा धरला. गाय-वासराच्या पूजेचा दिवस, यापेक्षा चांगला कुठला? ठाण्याहून एक पुढारी आले. मांडव, कर्णा, रांगोळी. अण्णाशेठची कपिला गाय वासरासह सजवून आणली होती, शिंगांना बेगड, पाठीवर जरीची झूल. तिला धरून लाडकी उभी होती. लाडकी म्हणजे अण्णाशेठच्या गोठ्यात शेणगोठा आणि धारा करणारी, डोंगराकडच्या पाड्यावरून आलेली बाई. त्या दिवसांत ती सकाळी गवत कापायलाही जायची. डाव्या तळहाताला विळा लागलेला, त्यावर चिंधी बांधलेली.

मंचावर सरांना खुर्ची नव्हती. कमिटीचे सगळे जण वर मावल्यावर जागाच उरली नाही, आणि कोणाला उठवायचं हे ठरेना. सर मंचाखाली माझ्याजवळ उभे राहिले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. ते गायीकडे पाहत होते.

"मागून लचकतेय," म्हणाले.

"झूल जड असेल, सर."

ते ताडताड पुढे गेले. अण्णाशेठच्या कानाशी काहीतरी बोलले. अण्णाशेठनी हात जोडून त्यांना परत पाठवलं, "सर, भाषणं तर होऊ द्या." मग मान्यवरांनी रांगेनं कपिलेला करंज्या भरवल्या, तिनं त्यांचे हात चाटले, फोटो निघाले. पुढाऱ्यांनी सांगितलं की या शिलेतून उद्याचा पशुवैद्यक घडेल.

दिवाळी झाली. भाऊबीजेला दुपारी लाडकी धावत आमच्या वाडीत आली. "सर, चला जी. गाय वरडते हाय, घसा फुटला तरी थांबत नाय."

आम्ही गेलो, तर अण्णाशेठच्या गोठ्यात अर्धी कमिटी. कपिलेच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. घोगऱ्या आवाजात ती सारखी हंबरत होती आणि रिकामीच दावणीला धडका देत होती. स्टेशनजवळचे डॉक्टर बाह्या वर करून उभे होते.

"घशात करंजी अडकलीय," त्यांनी निदान सांगितलं. "मी हात घालून पाहिलं. शेठनीही पाहिलं. हाताला लागत नाही. खोल गेलीय."

सर उंबऱ्यातच थांबले होते. नेहमीसारखे पाहत होते, पण या वेळी फार वेळ नाही.

"आणखी कोणी हात घातला?"

"मी," लाडकी म्हणाली. "तोंड धुतला, तेल पाजला."

"हिला कुत्रं चावलं होतं का?"

"छे!" अण्णाशेठ म्हणाले.

"चावला होता की," लाडकी म्हणाली. "भादव्यात. तो लाल कुत्रा. तुमाला सांगितला होता मी."

"ते काय चावणं होतं? नुसतं लागलं असेल."

सर फार हळू आवाजात बोलले. "घशात काही नाही. तिला गिळता येत नाहीये. ही पिसाळलीय. सगळे मागे व्हा."

अर्धी कमिटी गोठ्याबाहेर झाली. मग डॉक्टर म्हणाले, "पिसाळतं कुत्रं. गाय कशी पिसाळेल?"

"तुमच्या जातीला नाही का होत? तशी हिलाही होते."

सरांनी तिघांना विहिरीवर नेलं. कार्बोलिकच्या साबणानं लाडकीचा हात स्वतः धूत बसले. चिंधी सोडली तर विळ्याची जखम उघडीच होती. अण्णाशेठच्या मनगटावर गायीच्या दातांचे ओरखडे होते, डॉक्टरांच्या बोटाचं साल गेलं होतं. "उद्या सकाळी पालघरच्या सरकारी दवाखान्यात. तिघांनी. हा रोग एकदा दिसायला लागला, की मग माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे नाही, कोणाकडेच औषध नाही."

गायीला सुई देऊन सोडवावं, असं सर म्हणाले. अण्णाशेठ कानांवर हात ठेवून म्हणाले, गोहत्या माझ्या दारात नको. तेव्हा गायीनं स्वतःच मरायचं ठरलं, आणि त्याला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उजाडली. सकाळी पालघरला जाऊन आले तेवढा वेळ सोडला, तर तोवर सर गोठ्यात अंधार करून बाहेर स्टूलवर बसून होते. तिचं हंबरणं मी वखारीपर्यंत ऐकलं आहे. त्यांनी ते जवळून ऐकलं.

डॉक्टर अजून करंजीवरच अडून होते, म्हणून सरांनी मेलेल्या गायीचा मेंदू डब्यात बर्फात घालून मुंबईला आपल्या जुन्या कॉलेजात पाठवला. तिथल्या त्यांच्याच एका विद्यार्थ्यानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तार केली. करंजी नव्हती.

पण तार यायच्या आधीच, म्हणजे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही लाडकीला घेऊन एस.टी.नं पालघरला पोचलो, तर दवाखान्यासमोर दोन जीपगाड्या आणि अख्खी कमिटी रांगेत. बातमी रात्रीतच फिरली होती. ज्यांनी ज्यांनी करंजी भरवली होती, त्या सगळ्यांच्या हातांना एकाएकी जखमा झाल्या होत्या. एकानं अंगठा दाखवला. एकाच्या कोपराला खरचटलं होतं. एकाला दाढी करताना हनुवटीला कापलं होतं.

"गायीनं तुमची हनुवटी चाटली?" सरांनी विचारलं.

"नक्की सांगता येत नाय, सर. गर्दी होती."

तिथले सरकारी डॉक्टर नुकतेच पास झालेले, अगदी तरुण. त्यांनी सरांना बाजूला घेतलं. प्रत्येकाला पोटात चौदा इंजेक्शनं लागतात, आणि त्यांच्याकडची लस तीन जणांना कशीबशी पुरेल एवढी. मुंबईहून आणखी यायची, पण सुट्ट्या होत्या. केव्हा येईल सांगता येत नव्हतं. "या मंडळींना नाही कसं म्हणू? माझी बदली यांच्या हातात आहे. ती बाई शेवटी आली, तिला पुढची लस आली की..."

लाडकी रांगेच्या टोकाला भिंतीला टेकून उभी होती. तिच्या मागे कोणी नव्हतं.

सर रांगेसमोर जाऊन उभे राहिले. काळ्या कोटाची बटणं लावली. मला कळलं की आता लेक्चर.

"ही लस," ते म्हणाले, "मेंढीच्या मेंदूपासून करतात. जंतू मारलेले असतात, पण मेंदू मेंढीचाच. तो पोटात टोचल्यावर बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याचे पाय मात्र लुळे पडतात. कमरेखालचं सगळंच जातं. मी लपवत नाही. ज्याला खरी जखम झालीय, त्यानं हा धोका घ्यायलाच हवा, कारण नाहीतर मरण आहे. ज्याला जखम नाही, त्यानं विनाकारण का घ्यावा, हे मात्र मला कळत नाही. डॉक्टर, खरं की खोटं?"

"खरं आहे," तरुण डॉक्टर म्हणाले. "क्वचित होतं तसं."

"कमरेखालचं म्हणजे, सर... सगळंच?" हनुवटीवाल्यानं विचारलं.

"सगळंच."

त्यानंतर जे झालं, तसं मी कुठल्या तीर्थक्षेत्रीही पाहिलेलं नाही. जखमा भरून आल्या. अंगठेवाल्यानं अंगठा उजेडात धरून पाहिला आणि तो जुना डाग निघाला. कोपर गेल्या वर्षीचं होतं. चहा पिऊन येतो म्हणून एकेक जण बाहेर पडला, आणि थोड्या वेळानं दोन्ही जीप सुरू झाल्याचे आवाज आले. बाकावर तिघंच उरली. अण्णाशेठ, स्टेशनजवळचे डॉक्टर आणि मधे लाडकी. ती मधे बसली कारण सरांनी तिला तिथं बसवलं.

"एकाला तरी नुसत्या चाटण्यानं धोका असता तर?" परतताना मी विचारलं.

"प्रत्येकाचे हात मी वसुबारसेला मंचाखाली उभं राहून पाहिले होते. दुसरं काम काय होतं मला?" सर म्हणाले. मग म्हणाले, "तरी एक रुखरुख राहिली. लस पुरली असती तर कमिटीला द्यायला हवी होती. थोडा मेंदू आत गेला असता."

पुढचे दोन आठवडे अण्णाशेठची जीप रोज पालघरला जायची. लाडकी एस.टी.नं येईल, असं अण्णाशेठ म्हणाले होते. एस.टी. चुकली, एक दिवस जरी चुकला, तर तुम्हालाच पुन्हा गोठा धुवायला बाई शोधावी लागेल, असं सरांनी सांगितल्यावर ती जीपमध्ये बसू लागली, आधी मागे आणि दोन दिवसांनी अण्णाशेठच्या शेजारी, कारण मागच्या धक्क्यांनी पोट दुखायचं. सर रोज बरोबर जायचे. पोटं धरून बाकावर बसलेल्या तिघांना उठता येत नसे, आणि ही संधी सर सोडणारे नव्हते. घटसर्प, फऱ्या, खुरकत ही गुरांची दुखणी, दूध का उकळावं, पिसाळलेलं कुत्रं कसं ओळखावं, सगळं त्यांनी शिकवलं. लाडकी प्रश्न विचारायची. डॉक्टर दुसऱ्या आठवड्यात वही आणू लागले. अण्णाशेठ कण्हत असत.

तिघंही वाचली. पायही शाबूत राहिले.

आता कॉलेजचं. कपिलेला आपल्या वाडीत पुरायला अण्णाशेठ भीत होते, म्हणून सरांच्या सांगण्यावरून खोल खड्डा करून, चुना घालून, तिला कॉलेजच्या पडीक जागेत पुरलं. अशा रीतीनं आमच्या कॉलेजात पहिला प्रवेश झाला आणि तोच शेवटचा. पुढच्या सोमवारी त्या जागेवर कोणीतरी फूल ठेवलं. मग नारळ. मग कोणीतरी सांगायला लागलं, की कपिलेनं अण्णाशेठवरचं मरण आपल्यावर घेतलं. अण्णाशेठना ते पटलं. कमिटीची बैठक झाली, आणि गुरांच्या कल्याणासाठी जमलेला निधी गुरांच्या कल्याणासाठीच वापरावा, असं ठरून कपिलामातेची समाधी बांधायला घेतली. छान दगडी चौथरा, पत्र्याचा सभामंडप, पाण्यासाठी विहीर. सहा महिन्यांत उभं राहिलं. मी चिटणीस म्हणून ठराव लिहिला. अक्षर चांगलं आलं होतं.

मला वाटलं, सर आता वाडीचं फाटक लावून घेतील. उद्घाटनानंतरच्या सोमवारी ते बॅग घेऊन निघाले.

"कुठं?"

"कॉलेजात."

समाधीला लांबलांबून लोक आजारी गुरं घेऊन येऊ लागले होते. वाणगावकडून, डोंगरातून, आदल्या दिवशी निघून. पुजारी गुराच्या कपाळाला अंगारा लावायचा. मंडपाच्या दुसऱ्या टोकाला सर स्टूल टाकून बसायचे. अंगारा लावून गुरं तिकडून बाहेर पडत, ती सरांच्या समोरूनच. सर थांबवत, पाहत बसत, सुई देत, गोळी घशात घालत, आणि मालकाला लेक्चर देत. पुजाऱ्याची आधी कुरकुर झाली. पण गुरं बरी व्हायला लागली आणि समाधीचं नाव वाढायला लागलं, तशी ती थांबली.

"तुम्हाला वाईट नाही वाटत?" मी एकदा विचारलं. "बरं तुम्ही करता, आणि नवस तिचा फेडतात."

"मी काय मागितलं होतं?" सर म्हणाले. "छप्पर आहे, पाणी आहे, चाळीस जनावरं आहेत. रांग तर काय शिस्तीची! आमच्या मुंबईच्या कॉलेजातसुद्धा एवढी नव्हती."

त्या रांगेत लाडकीही दिसायची, स्वतःची शेळी घेऊन. अण्णाशेठच्या गोठ्यातलं काम तिनं सोडलं होतं. ती पुजाऱ्याच्या बाजूनं जात नसे, सरळ उलटीकडून सरांसमोर येऊन उभी राहायची. पुजाऱ्यानं एकदा तिला हटकलं, की अंगारा न लावता कशी जातेस.

"ती गाय मलाच मारत होती," लाडकी म्हणाली. "तिचा अंगारा मी कशाला लावू?"

सर इतके मोठ्यानं हसलेले मी तेव्हाच पाहिले.

पुढे माझी बदली झाली. सर गेल्याचं मला उशिरा कळलं. बऱ्याच वर्षांनी बोईसरला गेलो होतो, तेव्हा समाधीकडे जाऊन आलो. मंडपाला आता संगमरवरी फरशी आहे. आवार कारखान्यांच्या कुंपणांत दडलंय, पण सोमवारी गुरं अजून येतात, पूर्वीइतकी नाही. पुजाऱ्याचा मुलगा गादीवर होता. मी सहज विचारलं, कसं चाललंय.

"काय सांगू," तो म्हणाला, "पूर्वी इथं हटकून गुण यायचा. वडिलांच्या वेळी मेलेलं जनावर उठून चालायचं म्हणतात. आता काय झालंय, कळत नाही. अंगारा तोच, मंत्र तेच. कमिटीनं मुंबईहून एक शास्त्री आणून दाखवलं. ते म्हणाले, दार दक्षिणेला आहे, तिथंच चुकतंय."

पावसाळा संपला की ते दार पूर्वेला काढणार आहेत.